आजार : नाही

सहलीची ४४ संमतीपत्रं मी स्वतः तपासली होती. तपासली म्हणजे प्रत्येकावर सही आहे ना, एवढंच पाहिलं होतं. आठवीतल्या एका मुलीच्या पत्रावर ‘काही आजार असल्यास’ या ओळीपुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं.

दुपारी टेकडी उतरताना हीच मुलगी मैत्रिणीवर उगाचच खेकसली. मी तिला दटावलं. थोड्या वेळाने मागे वळून पाहते, तर ती दगडावर बसलेली, घामाने निथळलेली. हात थरथरत होते. काय होतंय विचारलं तर उत्तर जुळवायला वेळ लागत होता. ऊन लागलं असेल असं समजून मी पाणी पुढे केलं. तेवढ्यात मैत्रीण रडतच म्हणाली, “बाई, तिला शुगर आहे. कुणाला सांगू नको म्हणालीये.”

सॅकच्या आतल्या कप्प्यात इन्सुलिनचं पेन आणि रक्तातली साखर मोजायचा ग्लुकोमीटर होता. बोटाला तिनेच टोचलं. साखर ५२. डॉक्टर फोनवर म्हणाले, साखर ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करायचा; १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून हे जमलं. शुद्ध हरपल्यावर तोंडात काहीही घालायचं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं. साखर उतरली ती यामुळे : सकाळी नेहमीइतकंच इन्सुलिन, त्यावर तासन्‌तास चाल आणि जेवायला आम्हीच केलेला उशीर. मुलीची काहीच चूक नव्हती.

पंधरा मिनिटांनी ७८.

तिच्या आईला फोन लावला तेव्हा मी संतापले होते. ती एवढंच म्हणाली, “बाई, आधीच्या शाळेत खरं लिहिलं होतं. तिला सहलीला नेलंच नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘आजार आहे का’ हा आमचा प्रश्नच दारावरच्या पहारेकऱ्यासारखा होता.

आता पत्रावर पहिलं वाक्य असतं : या माहितीमुळे कुणालाही सहलीतून वगळलं जाणार नाही. त्या एका वाक्यासाठी मला मुख्याध्यापकांशी बराच वाद घालावा लागला. त्याखाली औषधं, त्यांच्या वेळा, त्रास सुरू झाल्याच्या खुणा आणि त्या वेळी काय करायचं, असे रकाने आहेत. प्रत सोबतच्या शिक्षकाजवळ राहते, ऑफिसच्या कपाटात नाही.

पुढच्या सहलीला त्या आईने कागदाची मागची बाजूही भरून पाठवली. खुणांच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘साखर उतरली की आधी चिडते, मग गप्प होते. तेव्हा रागावू नका.’