ग्रॅनाइट फोडणी: तो ४० मिलिव्होल्टचा पल्स दगडाचा नव्हता

ग्रॅनाइट जॅकखाली दाबून फोडताना दगडातून विजेचा पल्स निघतो का, ते मी मोजतोय. मागच्या अपडेटमध्ये दिसलेला ४० मिलिव्होल्टचा झकास पल्स ब्लॅक ग्रॅनाइटनेही जसाच्या तसा दिला. दुकानदार काहीही म्हणोत, ब्लॅक ग्रॅनाइट बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. क्वार्ट्झ, म्हणजे दाबलं की चार्ज देणारं खनिज, त्यात जवळपास नाहीच, म्हणून तर तो कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, ठेवला होता. क्वार्ट्झ नसलेला दगडही ताणाखाली चार्ज देतो, हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडेमान फ्रॉइंड यांचं म्हणणं धरून चाललो, तरी दोन वेगळ्या दगडांचा पल्स हुबेहूब सारखा कसा?

दगडावरचा इलेक्ट्रोड सोडवून त्याच्या जागी तेवढ्याच कपॅसिटीचा सिरॅमिक कॅपॅसिटर (कॅप) लावला, म्हणजे सर्किटला दगड जोडलेलाच नाही. पल्स तिथेच! केबलवर टिचकी मारली तर संथ फुगवटा येतो, टोकदार पल्स नाही. म्हणजे केबल निर्दोष सुटली. उरली आवाज पकडायला चिकटवलेली २७ मिमीची पिझो डिस्क (कंपनांचं व्होल्टेज करणारी चकती). दगड तुटताना ती सहज ४ व्होल्ट देते. डिस्क आणि बफरच्या (इलेक्ट्रोडचा सिग्नल घेणाऱ्या सर्किटच्या) इनपुटमध्ये हवेतून फक्त ०.१ पिकोफॅरड कपलिंग, म्हणजे चोरटी जोडणी, आणि इनपुटची एकूण कपॅसिटी १० पिकोफॅरड धरली, की गणित बरोबर ४० मिलिव्होल्टवर येतं.

उपाय: डिस्कची पितळी बाजू दगडाकडे आणि अर्थिंगला जोडलेली. चंदेरी बाजूवर कॅप्टॉन (इन्सुलेशनची) टेप, त्यावर तांब्याची टेप, ती कडेने पितळेला सोल्डर. डिस्कला समांतर १०० नॅनोफॅरड लावल्यावर व्होल्टेजही साधारण सहापट उतरलं. सोल्डरिंग झटपट उरका, जास्त तापली तर डिस्क मरते. आता डमी कॅपवर नॉइजशिवाय काही दिसत नाही.

मग गुलाबी ग्रॅनाइट, १८ × २० × ४० मिमी, १०५ अंशांवर दिवसभर वाळवलेला: ६ मिलिव्होल्ट. छोटा आहे, पण खरा वाटतो. भेगेपासून डिस्क ३० मिमीवर. ग्रॅनाइटमध्ये आवाज सेकंदाला सुमारे ५ किमी जातो, म्हणजे विजेचा पल्स डिस्कच्या सिग्नलपेक्षा ६ मायक्रोसेकंद आधी यायला हवा, आणि तेवढाच आधी येतोय. कपलिंगचा असता तर डिस्कसोबतच आला असता. ओट्याचे तुकडे घेताना मागची जाळी आणि रेझिन बघून घ्या. पॉलिशवाले बिनदिक्कत रेझिन पाजतात, आणि मग मोजताय दगड की प्लॅस्टिक, कळत नाही.

पुढे १० टनी जॅकवरच लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) बसवायचा बेत होता. पण हँडलचा प्रत्येक झटका रेकॉर्डमध्ये उमटतोच, तर जॅक हवाच कशाला? खाणीत वापरतात ती फुगणारी क्रॅकिंग पावडर पाण्यात कालवून दगडाच्या भोकात भरली की दगड तासन्‌तास हळूहळू ताणला जाऊन आपोआप फुटतो. भोकात आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची, नाहीतर ओलाव्यातून चार्ज गळेल. भरल्यावर भोकावर वाकून बघू नका, पावडर वर उसळते. मोठा ठोकळा लागेल, तेव्हा लोड सेलचे पैसे दगडात.