टीचर, कान बंद करा

५ ऑक्टोबर, रविवार

ड्रॅगन बोट शिकायचा आज पहिला दिवस. चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीच्या बाजूला उतरले तेव्हा सव्वासहा झाले होते. ओहोटी होती. शापोरा नदीचं पाणी पार मागे गेलेलं, होडीपर्यंत वीसेक पावलं चिखलातून जायचं. तिसऱ्याच पावलाला उजवी चप्पल आत राहिली. जाळं झाडत बसलेल्या एका म्हाताऱ्याने ती उपसून दिली, आमच्या नारिंगी लाइफ जॅकेटांकडे बघितलं आणि म्हणाला, "खंय चल्ल्यात? चवथ जावन गेली न्ही?" कुठे निघालात, गणेश चतुर्थी तर होऊन गेली ना?

खरं सांगायचं तर मी आले होते ढोलासाठी. ड्रॅगन बोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तोंड वासलेला ड्रॅगन आणि पुढे बसून ढोल बडवणारं कुणीतरी. बारा वर्षं महिला भजनी मंडळात झांज वाजवते आहे, तालाचं काम असेल तर आपल्याला जमेल, असा हिशोब. तिथे होती एक लांब, अरुंद, निळी फायबरची होडी. "मुंडकं आणि शेपूट शर्यतीला लावतात, टीचर. ढोलही नंतर," शिकवणारा पोरगा म्हणाला.

हा पोरगा एके काळी माझ्याच चौथीच्या वर्गात होता. पाढे म्हणताना हा कायम अर्धा आकडा मागे असायचा. सगळे "बारा" म्हणून झाले की याचं एकट्याचं "बारा" ऐकू यायचं.

आमची होडी धाकटी, दहा जणांची. मोठीत वीस वल्हेकरी, एक ढोलवाला आणि मागे उभा राहून सुकाणू सांभाळणारा, असे बावीस जण असतात, आणि लांबी चाळीस फुटांच्या आसपास. एका बाकावर दोघं, प्रत्येकाने आपापल्याच बाजूला मारायचं. मी "वल्हं" म्हटलं की पोरगा "पॅडल" म्हणतो. रोइंगचं वल्हं होडीला अडकवलेलं असतं आणि मारणारा पाठमोरा बसतो. पॅडल दोन्ही हातांत मोकळं, आणि तोंड पुढे. एवढा फरक असेल तर पॅडलच म्हणूया.

जोड्या लावायला त्याने सगळ्यांदेखत वजनं विचारली. मी चार किलो कमी सांगितले. बसल्यावर होडी माझ्या बाजूला कलली. त्याने काही न बोलता मला दुसऱ्या बाकावर हलवलं.

१२ ऑक्टोबर

तळहाताला दोन फोड. आठवडाभर खडू करंगळीच्या बाजूने धरला.

चूक कुठे होते ते आज कळलं. मी हातांनी ओढत होते. ओढायचं पाठीने. विहिरीतून भरलेली कळशी वर घेताना कसा कमरेतून जोर लागतो, तसं. बाहेरचा पाय पुढे रोवायचा, मांडी होडीच्या काठाला चिकटवायची, अंग वळवून पुढे झेपावायचं, पातं उभं पाण्यात घालायचं, पूर्ण बुडेपर्यंत थांबायचं, आणि मग ओढायचं. हे "पूर्ण बुडेपर्यंत" फार अवघड आहे. घाई केली की पाणी नुसतं उडतं, आणि उडतं ते मागच्या बाकावरच्या बाईच्या तोंडावर. माझ्या मागच्या बाई फार सहनशील आहेत. आणि पॅडल कमरेपाशी आलं की बाहेर. त्याच्या मागे नेलं तर होडी पुढे जात नाही, उलट खाली दबते.

माझ्या बाकावर आज नवीन जोडीदारीण. जिल्हा इस्पितळातली नर्स, निवृत्त. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं. "घरी मला अजून पाण्याची बादली उचलू देत नाहीत," म्हणाल्या. इथे कशा आलात विचारलं तर, "डॉक्टरांना विचारून आले. नवऱ्याला नाही."

त्यांनीच सांगितलं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला जोराचे कष्ट देऊ नयेत, हात सुजतो, असं पूर्वी सगळीकडे सांगत. १९९६ साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी हेच तपासायला स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं. कुणाचा हात नव्याने सुजला नाही. आता देशोदेशी अशा बायकांच्या टीमा आहेत. हे सांगताना त्या डाव्या हाताने केस बांधत होत्या. माझं लक्ष हातावर गेलेलं त्यांनी बघितलं, आणि मी उगाच पुलाकडे बघितलं.

१९ ऑक्टोबर

आज सहाच जण. बाकीचे काल रात्रभर दिवाळीचा नरकासुराचा पुतळा उभा करत होते, आज रात्रीही जागणार. होडी हलकी, पण वळवताना हट्टी.

नंतर भाजी-पाव खाताना ड्रॅगनची गोष्ट निघाली. चीनमधला च्यु युआन नावाचा कवी आणि राज्याचा मंत्री. राजाची मर्जी फिरली, हद्दपार झाला आणि शेवटी त्याने मिलुओ नदीत जीव दिला. गावकरी होड्या घेऊन धावले. मासे अंगाला लागू नयेत म्हणून ढोल बडवले, पाण्यात भात टाकला. त्यांच्या पाचव्या महिन्यातल्या पंचमीला, म्हणजे साधारण आपल्या ज्येष्ठात, अजून शर्यती होतात. शर्यतीआधी ड्रॅगनच्या डोळ्यांत बाहुल्या रंगवायचा विधी असतो. आपल्याकडे चित्रशाळेत गणपतीचे डोळे शेवटी आखतात, तसंच म्हणायचं. भाताचं तर आम्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

२६ ऑक्टोबर

ढोल आला.

आणि माझं सगळं बिघडलं. तीन आठवड्यांत जेवढं जमलं होतं तेवढंही. धप् ऐकलं की मी पॅडल टाकायची, तोवर पुढच्यांची पाती बाहेर. माझं पॅडल दोनदा पुढच्या बाईच्या पॅडलवर आपटलं. मागून बघणाऱ्याला होडी म्हणजे लंगडी गोम दिसत असणार.

पोरग्याने होडी थांबवली. "टीचर, कान बंद करा. ढोलवाला पहिल्या बाकाकडे बघून वाजवतो. तुम्ही त्याचं ऐकून मारता. म्हणजे तो त्यांच्या मागे, तुम्ही त्याच्या मागे."

मग ढोल कशाला, असं तोंडावर आलं होतं. शर्यतीत दमल्यावर अंगात यायला, तो न विचारताच म्हणाला.

बघायचं कुठे? पुढच्या पाठीकडे नाही. ती थोडी चुकलेली असते, तिच्याकडे बघून आपण आणखी थोडं चुकतो, असं बाकागणिक वाढत जातं. नजर तिरकी, थेट पहिल्या बाकावर, पलीकडच्या बाजूच्या पोरीच्या वरच्या हातावर. ती पणजीत कुठल्याशा ऑफिसात आहे, बोटांवर जांभळं नेलपॉलिश. ते जांभळं खाली आलं की मी खाली. अकरा वेळा अचूक पडलं. मोजलेत. पाणी एकदम जड लागलं आणि मग एकदम लागेनासंच झालं. बारावा चुकला, कारण मी मोजत होते.

उतरताना पोरगा म्हणाला, "अर्धा आकडा मागे होता तुम्ही." हसला नाही. त्याला आठवत असेल का?

संध्याकाळी देवळात भजन. अभंग रंगात आलेला आणि मी पखवाजवाल्याच्या उजव्या हाताकडे टक लावून बसलेली. झांज आधीच वाजली, एकटी, चांगली खणखणीत. बुवांनी पेटीवरून मान वर करून बघितलं.