टोपण नीट लावा की राव

फेविक्विकची, म्हणजे आपल्या क्विकची, तीच ट्यूब दुसऱ्यांदा वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय. टाचणी मारायची, मिक्सरच्या झाकणाचा टवका चिकटवायचा, टोपण असंच टेकवायचं आणि ट्यूब टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ढकलायची, जिथं रिमोटचे संपलेले सेल, रबरं आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नसलेली एक किल्ली कायम मुक्कामाला असतात. पुढच्या वेळी बघावं तर दगड. पाच रुपयाचीच तर हाय म्हणून घरात कुणाला वाईट पण वाटत नाही, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, पन्नास ग्रॅमची बाटली घेऊन बसलेल्याला विचारा.

लोकांना वाटतं हा गोंद रंगासारखा वाळतो. वाळत नाही हो, उलट पाण्यानं घट्ट होतो. हवेतली वाफ त्याला पुरते. म्हणजे जुलैत आपल्याकडं मीठ पाझरतंय, पापड मऊ पडतंय, जीन्स चार दिवस दोरीवर लोंबकळतीया, आणि तेवढ्यात हा एकटाच भाऊ घाईघाईनं सेट व्हायच्या मागं. त्याच ड्रॉवरमधला फेविकॉल नेमका उलटा. त्याच्यातलं पाणी उडालं की तो घट्ट, म्हणून त्याचा वैरी मे महिना. दोघांना एकाच जागी ठेवून दोघं टिकावेत म्हणणं म्हणजे तालमीतल्या पैलवानाला आणि उपासवाल्याला एकाच ताटात वाढणं.

क्विक टिकवायचं तर एक घट्ट झाकणाचा डबा घ्या, बुटांच्या खोक्यात ती 'खाऊ नका' लिहिलेली सिलिका जेलची पुडी मिळते ती फेकू नका, त्यात टाका, आणि न फोडलेल्या बाटल्या डब्यासकट फ्रिजमध्ये. आता घरात कोथिंबिरीशेजारी हे काय ठेवलंस म्हणून ऐकून घ्यावं लागतंय, ते घ्यायचं. पण खरी मेख पुढं आहे. थंड बाटली बाहेर काढून लगेच उघडायची नाही. आपल्या दमट हवेत तिला घाम फुटतो आणि तोच पाण्याचा थेंब आतल्या मालाचा घात करतो. तासभर तशीच बंद राहू दे, हाताला गार लागायची थांबली की मगच उघडा.

वापरून झालं की बाटली उभी धरून टेबलावर दोनदा हलकी आपटायची, नोजलातला थेंब खाली उतरतो. टोकाला राहिलेलं कागदानं टिपायचं, सुती चिंधी नको. सुती कापडावर हा गोंद जास्त सांडला तर चटका बसेल इतका तापतो, कधी धूर पण निघतो. टोक आधीच गच्च झालं असेल तर ॲसिटोन लावा, टाचणी खुपसत बसू नका.

फेविकॉलच्या डब्यावर साय आली की लोक ती ढवळून आत मिसळतात, तेवढं करू नका, गुठळ्या होतात. साय काढून टाका आणि वर प्लॅस्टिकचा कागद थेट गोंदाला चिकटेल असा दाबून झाकण लावा. डबा निम्मा झाला की माल लहान बरणीत काढा, वर हवा कमी राहील तेवढं बरं. आणि अराल्डाइट म्हणजे दोन ट्यूबांतला माल एकत्र मिसळला की घट्ट होणारा गोंद, त्या दोन ट्यूबांच्या टोपणांची अदलाबदल, त्यावर मी काय बोलणार. पुढच्या वेळी टोपण निघतच नाही, विषय संपला.

चपलांचं सोल्युशन मात्र फ्रिजमध्ये अजिबात नको. त्याचा वास म्हणजेच उडून जाणारं सॉल्व्हंट, ते पेट घेतं. रोजच्या कामाला त्यातलं थोडं लहान डबीत काढायचं म्हणजे मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही, आणि दोन्ही गॅसपासून लांब.

कधी कधी वाटतं ही सगळी उठाठेव आपण गोंद तयार पातळ विकत घ्यायला लागलो तेव्हापासूनची. सुताराचा सरस कोरडे खडे म्हणून यायचा, कोरडा राहिला की वर्षानुवर्षं पडून राहायचा, लागेल तेवढाच भिजवायचा नि गरम करायचा. बायंडिंगवाले खळ शिजवताना किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद टाकायचे. आणि गुजरीत, कोल्हापूरच्या सराफांच्या पेठेत, अजून बघा, कोल्हापुरी साजाच्या मण्यांच्या पोटात लाख भरलेली असते, ती लाख म्हणजे थंडीत कडक, आच दिली की परत मऊ. तिला ना टोपण, ना एक्सपायरी. मला सगळ्यात आवडते ती हीच.

बाकी आपल्यासारख्यांनी क्विकची पन्नास ग्रॅमची एक घेण्यापेक्षा वीस ग्रॅमच्या दोन घ्याव्यात, एक फोडावी, दुसरी डब्यात. फोडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवावी, आणि घेताना दुकानदार पुढचीच देतो, मागच्या खोक्यातली मागावी.