वीण, ताण आणि कडा: रॅपिंगची रोजनिशी

शुक्रवार, रात्र

उद्यापासून गाडीच्या आतल्या ट्रिमचं रॅपिंग, म्हणजे डॅशबोर्ड आणि दारांच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कार्बन फायबरची वीण दाखवणारी चिकट विनाइल फिल्म लावायचं काम. फिल्म आज रात्रीच रोलमधून मोकळी करून सपाट पसरून ठेवली. घट्ट गुंडाळलेल्या विनाइलला वळण पडलेलं असतं. कापलेला तुकडा टेबलावर गोल होऊ लागला की चिकट बाजू स्वतःलाच चिकटते आणि तुकडा वाया जातो.

विनाइलला आपला मूळ आकार आठवतो, हे या कामाचं मर्म. ते तापवा, ताणा, दाबा, संधी मिळाली की ते मागे सरकतंच. सुटलेला कोपरा, उचललेली कडा, महिन्याभरात दिसू लागलेली प्लास्टिकची काळी रेघ, या सगळ्यामागे बहुतेक वेळा लावताना दिलेला जास्तीचा ताण असतो.

म्हणून फिल्मची निवड महत्त्वाची. कास्ट फिल्म द्रवरूप विनाइल पसरून सुकवून बनवतात, त्यामुळे तिच्यात आतला ताण जवळजवळ नसतो. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रोलरांमधून लाटून पातळ केलेली असते, ती आकसते. सरळ, सपाट पट्टीवर कॅलेंडर्ड चालून जाते. कोपरे आणि खोलगट भाग असतील तर कास्टच घ्यावी. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ७० अंशांच्या वर सहज जातो, आणि आकसायला विनाइलला एवढी उष्णता पुरते.

थ्री-डी फिल्मवर वीण हाताला लागते, फाइव्ह-डीवर ती चकचकीत थराखाली असते. फाइव्ह-डी दिसते छान, पण जास्त जाड, ताठर आणि ओरखडे दाखवणारी. आतल्या भागासाठी माझं मत थ्री-डीकडे. डॅशबोर्डच्या वरच्या सपाट भागावर मात्र चकचकीत काहीही लावू नये. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होतो.

माप: डॅशबोर्डची पट्टी, चार दारांच्या पट्ट्या आणि गिअरभोवतीचं पॅनल मिळून १५२ सेंमी रुंद रोलचा १ मीटर पुरतो. तरी दीड मीटर घ्यावा. वीण सगळीकडे एकाच दिशेला हवी असेल तर तुकडे फिरवून, जागा वाचवून कापता येत नाहीत, आणि एखादा तुकडा तरी दुसऱ्यांदा कापावा लागतोच.

शनिवार, सकाळ

पॅनल गाडीवर असतानाच रॅप लावण्याचा मोह आवरावा. कडा मागे दुमडल्याशिवाय काम टिकत नाही, आणि दुमडायला पॅनल हातात हवं.

काहीही उपसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावं. वेळ दिलेला नसेल तर किमान १५ मिनिटं. एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. ज्या पॅनलवर एअरबॅगची खूण आहे, किंवा ज्याच्या मागून ती फुटून बाहेर येते, ते पॅनल कधीही रॅप करू नये. ते ठरलेल्या रेषेवर फाटायचं असतं आणि वर ताणलेला विनाइलचा थर त्यात अडथळा आणू शकतो. इथे तडजोड नाही.

उपसायला नायलॉनचं ट्रिम टूल, म्हणजे पॅनल उचकटायची चपटी पट्टी. स्क्रूड्रायव्हरने मऊ प्लास्टिकवर खाच पडते आणि ती फिल्मखालूनही दिसते. झाकणांखाली लपलेले स्क्रू आधी शोधावेत; पॅनल एका जागी अडलं तर ते बहुतेक क्लिपमुळे नाही, स्क्रूमुळे अडलेलं असतं. थंडीत क्लिपा कडक होऊन तुटतात, म्हणून हेअर ड्रायरने जागा कोमट करून मग क्लिपेच्या अगदी जवळ टूल घालावं. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत नाव लिहून ठेवावेत.

पॅनलच्या पाठीवर प्लास्टिकच्या प्रकाराची खूण कोरलेली असते, ती जरूर वाचावी. एबीएस किंवा पीसी-एबीएस हे कडक प्लास्टिक असेल तर चिकटण्याची चिंता कमी. पीपी, म्हणजे पॉलीप्रोपिलीन असेल तर त्याच्यावर गोंद नीट पसरतच नाही. कडांना प्रायमर, म्हणजे गोंदाची पकड वाढवणारा द्रव, लागणारच. रबरासारख्या मऊ लेपाच्या पॅनलवर हे काम करूच नये. तिथे फिल्म प्लास्टिकला नाही, लेपाला चिकटते, आणि लेप सुटला की सगळंच सुटतं.

शनिवार, दुपार

दुपार सफाईची. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन हा गोंदाचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आधी भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, मग मेण-सिलिकॉन काढणारा क्लीनर, शेवटी दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी. अल्कोहोल आपोआप वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच स्वच्छ कोरड्या कापडाने पुसायचं, नाहीतर विरघळलेली घाण तिथेच पुन्हा बसते. कडांची मागची बाजू सगळे विसरतात. फिल्म सुटायला सुरुवात तिथूनच होते.

पॅनलवर चामड्यासारखी खरखरीत नक्षी असेल तर गोंद फक्त उंचवट्यांवर टेकतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ती घासून काढावी. खोल ओरखडे प्लास्टिकच्या पुट्टीने भरून पुन्हा घासावेत. नखाला जे जाणवतं ते फिल्मखालून दिसतं.

रविवार

खोलीचं तापमान २० ते २५ अंश, पंखा बंद, फरशी पुसलेली. यात पंखा बंद हे विशेष महत्त्वाचं, कारण उडालेला एक केस पुरतो.

पहिलं काम वीण ठरवायचं. कार्बन फायबरची तिरकी वीण प्रकाशाच्या कोनाप्रमाणे गडद-फिकट दिसते. शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांनी कापले तर ते दोन वेगळ्या रंगांचे वाटतात. मागच्या कागदावर सगळीकडे एकाच दिशेला बाण काढावेत आणि प्रत्येक तुकड्यावर पॅनलचं नाव लिहावं. चारही बाजूंना ४ ते ५ सेंमी जास्त ठेवून कापावं. त्याहून कमी ठेवलं तर धरायला जागा राहत नाही आणि मग ताण बोटांच्या टोकांवर येतो.

साबणपाण्याची ओली पद्धत इथे वापरू नये. हवा निघण्यासाठी गोंदात बारीक नाल्या केलेल्या असतात, त्यांत पाणी अडकतं आणि कडांचा गोंद कमजोर होतो. कोरडंच लावायचं.

कागद पूर्ण काढून फिल्म पॅनलवर सैल टाकावी, वीण पॅनलच्या सरळ कडेशी जुळवावी आणि मधे हलकी टेकवावी. मग फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची चपटी पट्टी) मधून बाहेर, साधारण ४५ अंशांत धरून, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढवत. सपाट भागावर फिल्म अजिबात ओढायची नाही. सुरकुती पडली तर दाबू नये. तेवढा भाग अलगद उचलावा आणि हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) लांबून फिरवावी. फिल्म आपोआप मूळ आकारात येते. तिची आठवण इथे मात्र आपल्या उपयोगी पडते.

खोलगट भागात बहुतेकांचं चुकतं. खड्ड्यावरून फिल्म पुलासारखी ताणून मग बोटाने आत दाबली, की त्या दिवशी ती सुंदर बसते आणि पहिल्या कडक उन्हात फुगून वर येते. आधी खड्ड्याच्या तळाला सैल फिल्म चिकटवावी, मग भिंती, मग बाहेरचा सपाट भाग. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर उलटं: फिल्म कोमट करून ताण रुंद भागावर पसरवावा, एकाच टोकाला ओढू नये. वीण उघडी पडली किंवा थ्री-डी पोत चमकू लागला तर तो भाग जास्त ताणला गेला, असं समजावं. तापवून थोडा मागे येतो, पूर्ण नाही. अशा वेळी नवा तुकडा घेतलेला बरा.

कडा मागे ८ ते १० मिमी दुमडायची, बाकी कापून टाकायचं. कोपऱ्यात तिरपा काप मागच्या बाजूला, दर्शनी कडेपासून ३ मिमी आधी थांबवून. काप पुढे गेला तर लपवता येत नाही. काचा वर-खाली करायच्या बटणांसाठी पॅनलला जे भोक असतं, तिथे मधून फुलीसारखा काप, कोपऱ्याच्या २ मिमी अलीकडे थांबायचं, मग पाकळ्या गरम करून आत दुमडायच्या. ब्लेडचं टोक दर चार-पाच कापांनी मोडून नवं करावं. बोथट पातं फिल्म कापत नाही, फाडतं.

प्रायमर फक्त मागच्या दुमडीत, पातळ एकच हात. दर्शनी भागावर लावला तर उद्या फिल्म काढताना प्लास्टिकचं नुकसान होईल.

बारीक बुडबुडा राहिला तर बोटाने जवळच्या कडेकडे सरकवावा, तरी न गेल्यास बारीक सुईने आडवं टोचावं. कटर लावू नये. त्याचा काप पुढे उघडतो.

सोमवार

काल रात्री शेवटी कडा आणि खोलगट भाग पुन्हा तापवले. फिल्मचा पृष्ठभाग ९५ ते ११० अंशांपर्यंत नेला की तिची आठवण पुसली जाते आणि नवा आकार तिचा होतो. ही पायरी गाळली तर वरचं सगळं काम वाया. इन्फ्रारेड थर्मामीटर हवाच, कारण एबीएस प्लास्टिकही १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. गन १० ते १५ सेंमीवर सतत हलती ठेवायची, एका जागी दोन-तीन सेकंदच. पातळ पट्टी सपाट फळीवर ठेवून तापवायची, म्हणजे ती वाकत नाही.

आज दिवसभर पॅनल तशीच ठेवली आहेत. गोंद पूर्ण पकडायला साधारण २४ तास लागतात. क्लिपा लगेच ठोकल्या तर दुमडलेली कडा सरकते.

बसवताना जिथे दोन पॅनल घट्ट भिडतात तिथे फिल्मची जाडीसुद्धा अडचण करते. अशा जागी दुमड ३ मिमीवर आणावी आणि क्लिपच्या खाचेत फिल्म मुळीच नको. बटणं घासतात का, हे पॅनल पूर्ण दाबण्याआधीच पाहावं. बॅटरी जोडण्याआधी सगळे कनेक्टर जागेवर आहेत याची खात्री करावी, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो.

पुढचा रविवार

आठवडाभर ऊन खाल्ल्यावर नख प्रत्येक कडेवरून फिरवून पाहिलं. एखादी कडा उचलली असेल तर अल्कोहोलने पुसून, मागून प्रायमरचा हात देऊन, पुन्हा तापवून दाबायची. उचललेल्या जागी धूळ शिरली असेल तर मात्र तो तुकडा काढावा. हलकं तापवून, फिल्म पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढायची. पटकन ओढली तर गोंद प्लास्टिकवर राहतो आणि तो काढण्यात अर्धा दिवस जातो.