बॉम्बवर वस्ती झाली, म्हणून ते तिथेच ठेवायचे?

मालवणला माझा चुलतभाऊ मासेमारी करतो. परवा त्याने एका बातमीची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "दादा, बॉम्बांवर एवढी वस्ती झाली हा, मगे ते कित्याक काढूचे?" मी जर्मनीत कीलला जहाजदुरुस्तीत आहे, त्यामुळे मला ठाऊक असणार असं त्याला वाटलं. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे लिहितो.

बातमी खरी आहे. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या ल्युबेकच्या उपसागरात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ उडत्या बॉम्बची स्फोटकांनी भरलेली टोकं पडून आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे कॅमेऱ्याचं यंत्र खाली सोडलं. त्यांना त्या लोखंडावर दर चौरस मीटरला सरासरी ४३,००० जीव आढळले, शेजारच्या गाळात ८,२००. टीएनटी या स्फोटकाच्या एका उघड्या ढेकळावर तर चाळीसहून जास्त तारामासे होते. पण ते तिथे का आले? शिंपल्यांना चिकटायला टणक जागा लागते आणि या किनाऱ्याच्या तळाचे धोंडे माणसांनीच बांधकामासाठी वर्षानुवर्षं उपसून नेले. उरला गाळ. त्यात टणक असं जे सापडलं, त्यावर ते बसले.

माझं काम जहाजाच्या पत्र्याची जाडी मोजायचं. समुद्राच्या पाण्यात साधं पोलाद वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. गाळात रुतलेलं हळू झिजतं, उघडं लवकर. ऐंशी वर्षांत किती पत्रा गेला असेल, याचा अंदाज कुणीही करावा. जर्मनीच्या हद्दीतल्या समुद्रात असा सुमारे १६ लाख टन दारूगोळा आहे, त्यातला बराचसा युद्ध संपल्यावर मुद्दाम बुडवलेला. दोस्त राष्ट्रांना जर्मनीची शस्त्रं लवकर संपवायची होती. त्या उपासमारीच्या दिवसांत इथल्या मच्छीमारांना खेपेमागे पैसे मिळत. काहींनी ठरलेल्या जागी पोचण्याआधीच वाटेत माल टाकला, त्यामुळे नकाशावर नाहीत अशा जागीही तो सापडतो. त्या मच्छीमारांना मी दोष देत नाही. खेप लवकर संपवून परत येण्यातली कमाई आमच्या घरातल्यांनाही कळते.

कीलच्या तोंडाशी, लाबोच्या पलीकडे, कोल्बेर्गर हाइडे नावाचा पट्टा आहे. किनाऱ्यावर उन्हाळ्यात लोक पोहतात, समोर पाण्यात सुरुंग आणि टॉर्पेडो. कील विद्यापीठाच्या विषशास्त्र विभागाच्या एडमुंड मासर यांच्या गटाने तिथे शिंपले जाळीत घालून टांगले. (आपली शिनाणी हिरवी, ही निळसर काळी.) काही महिन्यांनी त्यांच्या मांसात टीएनटीपासून बनलेली द्रव्यं सापडली. सुरुंग अख्खे होते तिथे कमी. पूर्वी सुरुंग उडवताना न जळलेली स्फोटकं ढेकळांसारखी विखुरली होती, तिथल्या शिंपल्यांत कितीतरी जास्त, शिवाय टीएनटीही. याच पट्ट्यात लेपासारखा एक चपटा मासा असतो. पकडलेल्या चारातल्या साधारण एकाच्या यकृतात गाठी होत्या. इतर ठिकाणच्या त्याच जातीच्या माशांत हे प्रमाण फार कमी होतं. आज बाजारातला मासा खायला धोका नाही, असं हेच शास्त्रज्ञ सांगतात. पण पत्रा अजून गळायचा आहे, म्हणून मला त्या "आज"ची काळजी वाटते.

स्फोटाने ढेकळं अशी विखुरतात, म्हणून "जागेवरच उडवून टाका" हा उपाय मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये फेमार्न बेल्ट या जर्मनी-डेन्मार्कमधल्या सामुद्रधुनीच्या राखीव सागरी क्षेत्रात आणि आसपास ४२ जुने ब्रिटिश सुरुंग स्फोटाने नष्ट केले. पुढच्या महिन्यांत किनाऱ्याला लागलेले मेलेले पॉरपॉइस (आपल्या भुलग्याचे भाऊबंद) तपासले, तेव्हा काहींच्या कानात स्फोटाच्या दणक्याच्या जखमा आढळल्या. हा प्राणी कानानेच मासा शोधतो. कान गेला की तो उपाशीच मरायचा.

तेव्हा भावा, काढायचे. पण उचलून, एकेक करून. आणि काढलेल्या जागी धोंडे ठेवून, म्हणजे ती वस्ती बेघर होणार नाही. विषारी पत्र्यावर राहणं हा त्या शिंपल्यांचा हट्ट नाही, त्यांना फक्त टणक बूड हवंय. तसे धोंडे किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवता येतात.

जर्मन सरकारने यासाठी १० कोटी युरो बाजूला काढले आणि २०२४च्या उन्हाळ्यात ल्युबेकच्या उपसागरात प्रायोगिक काम सुरू झालं. यंत्रं आणि पाणबुडे गोळे वेगळे करतात, जात बघून पाण्याखालीच टोपल्यांत भरतात. खरी अडचण पुढची आहे: एवढा माल जाळायला जमिनीवर पुरेशी सोय नाही. म्हणून स्फोटकं समुद्रातच जाळून टाकणारा तरंगता कारखाना बांधायचं ठरलंय. १६ लाख टनांपुढे १० कोटी फार थोडे आहेत. तो कारखाना एक असून भागणार नाही, चार-पाच लागतील असं मला वाटतं. त्यातला एखादा जरी आमच्या यार्डात बांधायला आला, तरी त्याच्या पत्र्यांची जाडी मोजायला मी रात्रपाळीलाही उभा राहीन.