पणजीचं नाव फेरफारात सापडलं

आमच्या गावच्या घरात सोप्यात देवांच्या फोटोंच्या रांगेत एक मोडी कागद फ्रेम करून लावलेला आहे, मी लहानपणापासून बघतेय, आणि आण्णांचं म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं ठरलेलं वाक्य की ही पेशव्यांची सनद, आपल्याला इनाम होतं. घरात मोडी कोणालाच येत नाही त्यामुळे वाद घालायचा प्रश्नच नव्हता. यंदा दिवाळीनंतर पाच दिवस रजा टाकली, चुलतभावाला आणि त्याच्या गाडीला धरलं आणि म्हणलं एकदा सोक्षमोक्ष लावूच. तीन दिवस सातारा जिल्ह्यात, दोन दिवस पुण्यात. काय काय चुकलं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही कोणी जाणार असाल तर तेच उपयोगी पडेल.

पहिला दिवस सरळ वाया गेला. मी ऑनलाइन सातबारा काढून, त्याची प्रिंट फाईलला लावून, मोठ्या ऐटीत तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला हजर, आणि तिथल्या भाऊंनी प्रिंट बघून पहिलाच प्रश्न केला, "ताई, हा गट नंबर झाला. जुना सर्व्हे नंबर काय?" मी गप्प. भानगड अशी आहे की तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, त्यानंतर गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि जिथे ती झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्याच्या आधीचे सगळे कागद जुन्या नंबरवर आहेत. म्हणजे आजचा गट नंबर घेऊन तुम्ही १९२० च्या रजिस्टरात शोधायला लागलात तर कुठल्यातरी भलत्याच्याच शेतात जाऊन उभे राहाल. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारं एकत्रीकरणाचं पत्रक भूमी अभिलेखच्या ऑफिसात मिळतं. ते ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी, सुट्टीनंतर ज्यांच्याकडे किल्ली ते मोजणीला गेलेले, ते आले पाचला. तर हे काम आधी करा, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशीची चूक पूर्णपणे माझी. रेकॉर्ड रूमला फेरफार रजिस्टरं मिळाली (जमिनीवरचं नाव कधी आणि कशामुळे बदललं त्याच्या नोंदी, गाव नमुना ६ म्हणतात त्याला, आपल्याकडे हक्कनोंदणीचा कायदा १९०३ ला आला त्यानंतरची), आणि मी नावावरून शोधत सुटले. पणजोबांचं नाव दिसलं की उतरवून घे, त्यांच्या वडलांचं नाव दिसलं की उतरवून घे, दुपारपर्यंत वही भरत आली आणि मी भलतीच खूश. मग चुलतभाऊ म्हणाला की अगं यांना चार भाऊ दिसतायत, आपल्या पणजोबांना तर भाऊच नव्हता. झालं. दुसऱ्याच भावकीचा वंशवेल अर्धा दिवस बसून लिहिला होता मी. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे तीच दोन-तीन नावं पिढ्यान्पिढ्या गोल गोल फिरतात, त्यात जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं अमुक बिन तमुक पाटील, आणि आमचं निम्मं गाव पाटील.

तेव्हा रेकॉर्ड रूमच्या भाऊंनी जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना सांगते, माणसाच्या मागं जाऊ नका, जमिनीच्या मागं जा. माणसांची नावं सारखी असतात, पण गावात सर्व्हे नंबर एकदाच येतो. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात जो आकडा असतो तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढायचा, त्यात आधी कोणाचं नाव होतं आणि ते कशामुळे कमी झालं ते वाचायचं, वारसाने, खरेदीने, वाटपाने की कुळकायद्याने, मग त्या आधीच्या माणसाचं नाव कुठल्या फेरफाराने लागलं होतं ते शोधायचं, असं एक एक पायरी उलटं उतरत जायचं. पायरी गाळली की संपलं. आणि १९५७ च्या आसपास अचानक नाव बदललेलं दिसलं तर घाबरू नका, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, कुळकायद्यात त्या दिवसापासून कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारी माणसं, मालक झाली त्यामुळे खूप जमिनींच्या नोंदी त्या सुमारास पलटलेल्या दिसतात. तुमचे आजोबा मालक होते म्हणून घरी ऐकलेलं असतं आणि कागदावर ते कुळ निघतात, किंवा उलटं.

थोडी अक्षरं पाठ करून जा, माझे दोन तास त्यातच गेले. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ असू शकतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वारस लहान असला की त्याच्यापुढे हे लिहून मोठ्या माणसाचं नाव. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको. हे शेवटचं लक्षात ठेवा कारण त्याच्यावरच आमचं सगळं काम झालं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला बरोबर सर्व्हे नंबर धरून उतरत उतरत १९१९ च्या पानावर आलो. पणजोबा मानमोडीत गेले एवढंच घरी ऐकलेलं, मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, मुंबई इलाख्यात त्या साली दिवाळीच्या आगेमागे माणसं फार गेली. ऐकलेलं होतं पण ते पान बघितल्यावर कळलं. एका खाली एक, एका खाली एक, सगळ्या वारसाच्याच नोंदी. एरवी त्या रजिस्टरात खरेदी, गहाण, वाटप असं मिसळून असतं, इथे दोन पानं सलग मयत, मयत, मयत. तलाठ्याचं अक्षर सुरुवातीला सुबक आहे आणि पुढे पुढे नुसतं ओढत नेलंय. त्यात सातवी की आठवी नोंद आमची. खातेदार मयत, वारस मुलगा एक, अज्ञान, वय सात, अ.पा.क. आई, आणि पुढे तिचं नाव.

आमच्या घरात पणजीचं नाव कोणालाही माहीत नव्हतं. आजोबा तिला आई म्हणायचे, गाव म्हातारी म्हणायचं, बाबांच्या जन्माआधीच ती गेली. वंशावळीच्या कागदावर पुरुषांची सात नावं आहेत आणि बायकांची एकही नाही. पणजोबा पंधरा वर्षांनी गेले असते तर वारस म्हणून तोवर मोठ्या झालेल्या मुलाचंच नाव लागलं असतं आणि ही बाई या रजिस्टरात कधीच आली नसती. नाव इथं लिहीत नाही, घरातलं घरात राहू दे. चुलतभाऊ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला जरा वेळ.

नक्कल मागितली ती लगेच मिळाली नाही, अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, शोध फी, मग चार दिवसांनी या. तोपर्यंत मी पुण्यात, त्यामुळे चुलतभाऊ परत गेला तर संबंधित कारकून रजेवर, मग आणखी एक खेप. यावर उपाय नाही, फक्त अर्ज पहिल्याच दिवशी देऊन टाका आणि पोच घ्या. आपले अभिलेख नावाच्या सरकारी साइटवर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून टाकलेत, आधी तिथं बघा, तुमचा तालुका असला तर अर्धी वारी वाचेल. आणि मार्चमध्ये जाऊच नका, वसुलीचा महिना असतो, कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार काही नाही. गावच्या शाळेत आजोबांचा दाखला बघितला, जन्मतारीख १ जून, वर्गातल्या जवळपास सगळ्यांची १ जून, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद, ते आमच्या गावचं १९१८ चं वाळवीने खाल्लेलं निघालं. मिळालं असतं तर तारीखही कळली असती.

मग पुणे. पुणे पुराभिलेखागार म्हणजे ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात ते. आत कापडात बांधलेले रुमालच्या रुमाल, बहुतेक मोडीत, आणि पेशव्यांच्याच नाही तर इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या कागदांचाही मोठा साठा. इनाम खरं का खोटं हे तपासायला कमिशन बसवलं होतं, १८५२ चा कायदा, त्यामुळे तुमच्या घरी इनाम असल्याची दंतकथा असेल तर चौकशी तिथूनच सुरू करा. जायच्या आधी फोन करून काय ओळखपत्र, काय अर्ज लागतो ते विचारून घ्या, बरोबर पेन्सिल ठेवा, आणि मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस घेऊन जा, नाहीतर तुम्ही नुसते कागद बघून याल. मोडी वाचकांना २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघाल्यावर फार मागणी आहे, आठ-पंधरा दिवस आधी ठरवा. आम्हाला ओळखीतून एक निवृत्त मास्तर मिळाले.

मास्तरांकडून शिकलेल्या दोन गोष्टी. एक, जुन्या कागदावर साल अरबी आकड्यांच्या शब्दांत असतं, शुहूर सन. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे इसन्ने सबैन मया व अलफ झालं ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि हे वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून ते १७७१-७२ असं धरायचं. दोन, जमीन एकरात नसते, बिघे आणि चावर, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. घरचं कोणी चावरभर जमीन होती म्हणाला तर ती किती ते आता तुम्हीच बघा.

आमच्या गावच्या इनामांत देवस्थानचं निघालं, कुलकर्ण्यांचं निघालं, आमचं काही निघालं नाही. एका जुन्या कागदावर मात्र गावच्या लोकांच्या साक्षी होत्या, सही येत नसलेल्यांनी आपापली निशाणी काढलेली, आणि त्यात एक छोटासा नांगर, बोरूच्या चार फटकाऱ्यांत काढलेला, फाळ जरा वाकडा. शेजारचं नाव आमच्या घरात फिरणारंच आहे. आमचा माणूस की दुसऱ्या भावकीचा, सांगता येत नाही, मधल्या शंभर वर्षांच्या पायऱ्या हातात नाहीत. दुसऱ्या दिवशी केलेली चूक परत करायची नाही म्हणून तो वंशावळीत घातलेला नाही.

आता ती फ्रेम. भावाने टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. मास्तर म्हणाले काच चमकतेय, उघडा. मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, आणि फ्रेमवाल्याने जी सोनेरी पट्टी लावली होती तिच्याखालून वर पाचवा जॉर्ज, इंग्रजांचा राजा, बाहेर आला. स्टॅम्प पेपर. मास्तर हसले नाहीत, चष्मा सारखा करून वाचायला लागले. १९२२ चं गहाणखत. नवऱ्याचं देणं फेडायला म्हणून अज्ञान मुलाच्या आईने दोनशे रुपयांना शेत गहाण ठेवलंय, सर्व्हे नंबर तोच, नाव तेच जे आम्ही तीन दिवसांपूर्वी फेरफारात बघितलं होतं. खाली निशाणी डावा अंगठा. शाई जरा जास्त झालीये, रेषा मिटल्यात, पण कडेच्या तीन-चार वळ्या स्पष्ट दिसतात. मागच्या बाजूला, जी इतकी वर्षं पुठ्ठ्याला चिकटून होती, रक्कम भरून पावली म्हणून नऊ वर्षांनंतरची नोंद. म्हणूनच कागद घरी परत आलेला.

लॅमिनेट करू नका असं मास्तरांनी तीनदा बजावलं, गोंदही नको, सेलोटेप तर नाहीच, सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि ओरिजिनल सुती कापडात. आता फ्रेममध्ये झेरॉक्स आहे, यावेळी पट्टी बारीक लावलीये, जॉर्ज दिसतो आणि अंगठाही. आण्णांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की दोनशे रुपये म्हणजे तेव्हाचे किती गं, आणि एकट्या बाईने कसे फेडले असतील. ते काही कुठल्या रजिस्टरात मिळालं नाही. दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे जिथे दस्त नोंदवतात तिथे, जुन्या सूची असतात, सूची १ नावावरून आणि सूची २ मिळकतीवरून, तिथे तिच्या नावावर आणखी काही दस्त झालेत का हे बघायचं राहिलंय, फेब्रुवारीत जाणार आहे.