करंजेलाचं डिझेल

आमच्या परसामागे वहाळाच्या काठाने करंजाची अकरा झाडं आहेत. आजी करंजेल खरजेवर लावायची, गोठ्यातल्या दिव्यातही घालायची. खायला कडूजहर, म्हणून बाकी शेंगा पाण्यात पडून वाहून जायच्या. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बागेचा डिझेल पंप या तेलावर चालवायचा, असं गेल्या वर्षी मनावर घेतलं.

पहिली खेप पूर्ण फसली. चार किलो बियांचं घाण्यावरून जेमतेम लिटरभर तेल आलं. त्याचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, करायला ते ६० अंशांपर्यंत तापवलं, २५० मिली मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात ओतला आणि तासभर ढवळत बसले. (मिथेनॉल विषारी आणि चटकन पेटणारं, म्हणून हे सगळं अंगणात, चुलीपासून लांब.) सकाळी वर पिवळं बायोडिझेल आणि तळाला तपकिरी ग्लिसरीन दिसायला हवं होतं. बरणीत होता नुसता दाट, गढूळ साबण.

टायट्रेशन करून तेलातलं आम्ल मोजलं तेव्हा उलगडा झाला. तेलात मुक्त मेदाम्लं (तेल बिघडलं की सुटी होणारी आम्लं) सात टक्क्यांच्या वर होती. ती दोन टक्क्यांच्या आत असली तरच सोड्याची सरळ पद्धत चालते, नाहीतर सोडा आधी त्यांच्याशीच जुळतो आणि साबण होतो. आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल वापरून ती कमी करता येतात. पण मूळ चूक माझीच होती. त्या शेंगा मी आषाढात, भर पावसात वेचल्या होत्या. ओल्या बीचं तेल घाण्यावर जाण्याआधीच बिघडलेलं असतं.

यंदा चैत्रातच शेंगा उतरवल्या, फोडून बिया आठवडाभर खळ्यात वाळवल्या आणि लगेच घाण्यावर नेल्या. या वेळी थर लख्ख वेगळे झाले! वरचा थर कोमट पाण्याने तीनदा धुतला, तापवून पाणी उडवलं, चार भाग डिझेलमध्ये एक भाग मिसळला. पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला.

२००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य होतं. त्यासाठी ठिकठिकाणी पडीक जमिनीत मोगली एरंड (जट्रोफा) हे तेलबियांचं झाड लावलं गेलं. पाण्यावाचून ते झाड जगतं, पण फारसं बी धरत नाही, आणि ज्यांनी भरवशाने लावलं त्या शेतकऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. करंज आमच्याकडे कुणी लावावा लागत नाही, तो वहाळाकाठी आपोआप येतो. फक्त शेंगा पावसाआधी वेचायला माणसं हवीत. यंदा वाडीतल्या दोन काकू आल्या होत्या. पेंड त्यांनी नारळाच्या आळ्यांत घालायला नेली.